चारचं फाटक

साहेब, तुम्हाला मोजता येत नाही. आणि येत असेल, तर तुम्ही खोटं बोललात. दोहोंपैकी काय ते तुमचं तुम्ही निवडा, मी मोकळ्या मनाचा माणूस आहे.

तुमचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही वकिलाकडे धावाल. नाही लिहिलं तरी रग्बी खेळणाऱ्या प्रत्येक गावाला कळेल, कारण लीग चालवणाऱ्या तुमच्या मंडळानं पाय ठेवला नाही असं गाव आणि पाय ठेवल्यावर सुखी राहिलं असं गाव, दोन्ही या किनाऱ्यावर सापडायची नाहीत.

माझं शिक्षण फार नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडून चष्म्याच्या दुकानात काचा पुसायला लागलो. पुढे मालक वारला आणि दुकान माझं झालं. लेनर्ड मॉसॉप, चष्मेवाले, एलरबी. माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही हा माझा धंदाच आहे. म्हणून अधिकारानं सांगतो, तुमच्या डोळ्यांत दोष नाही. दोष त्यांच्या जरा मागे आहे.

झालं असं. उन्हाळ्याच्या तोंडाशी मंडळाचा एक निळा कोट आमच्या क्लबात आला. आत माणूस होता, पण बोलत कोटच होता. म्हणाला, एलरबीत रग्बीला पाठिंबा नाही. सात मैलांवरच्या स्केलनेसला मैदान ओसंडून वाहतं आणि तुमच्याकडे सामना सुरू असताना समुद्रपक्षी बाकांवर झोपतात. शेवटचा घरचा सामना स्केलनेसशीच आहे. त्या दिवशी तीन हजार माणसं तिकीट काढून आत आली तर ठीक, नाहीतर क्लब लीगमधून बाहेर. क्लब गेला की मैदान विकायचं. गिऱ्हाईक तयार आहे. मोठं वाणसामानाचं दुकान काढणार आहेत.

आता हे मैदान म्हणजे नुसती हिरवळ नव्हे. समुद्राकडच्या गोलच्या खांबांमागे माझे वडील आहेत. एलरबीत ही रीत आहे. दफनभूमीत जातात ती माणसं ज्यांना खेळात गम्य नव्हतं. बाकीच्यांची राख मैदानात. वडिलांना तर आम्ही चारच्या फाटकानं आत नेलं. पूर्ण तिकीट काढून आत जाणं त्यांना मेल्यावरही पटलं नसतं. तेव्हा दुकान झालं तर ते कुठल्या फळीखाली येतील, गोठवलेल्या वाटाण्याच्या की कुत्र्यांच्या बिस्किटांच्या, हा प्रश्न माझ्या घरातला होता.

चारचं फाटक काय ते तुम्हाला ठाऊक आहे, साहेब, पण वाचणाऱ्याला सांगायला हवं. आमच्या गावात पोलादाचा कारखाना होता. रविवारीसुद्धा चारला भोंगा व्हायचा, पाळी सुटायची. सामना तीनला सुरू. म्हणून शेवटच्या अर्ध्या तासासाठी क्लब मागचं फाटक उघडायचा, फुकट. कामगार तोंडाची काजळी न पुसता आत यायचे. कारखाना बंद होऊन जमाना झाला. भोंगा भंगारात गेला. पण गाव अजून चारलाच येतं. तोपर्यंत काय करतं? मैदानामागे कारखान्याच्या मळीची, म्हणजे भट्टीतून निघालेल्या टाकाऊ खड्यांची टेकडी आहे. तिच्यावर बसून बघतं.

बस्स. एवढंच रहस्य आहे. स्केलनेस हे मासेमारीचं बंदर, जमीन सपाट, मैदानाभोवती चारमजली गोदामं. तिथे बघायचं तर आत जावंच लागतं. शिवाय महिना महिना बोटीवर काढलेला माणूस बंदराला लागला की त्याला दुसऱ्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून ओरडायचं असतं. स्केलनेसची माणसं जमायला येतात. आमची माणसं बघायला येतात, आणि बघायला आत कशाला यावं लागतं?

पण ही अक्कल नंतरची. त्या दिवशी क्लबातल्या सभेत मी अपमानानं लालबुंद होऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "आपल्याकडे प्रेक्षक आहेत! फक्त ते कुंपणाच्या बाहेर आहेत. त्यांना आत आणायचं, एवढाच प्रश्न!"

आमच्या चिटणीस बार्बरा रेल्फ. क्लबाच्या किल्ल्या, चहाची किटली आणि लोकांची इज्जत, तिन्ही त्यांच्या ताब्यात. त्या म्हणाल्या, "छान. मग लेनर्ड, तूच आण."

"मी एकटा?"

"समिती नेमूया. तू अध्यक्ष. सभासद कोण कोण?" त्यांनी सभागृहाकडे पाहिलं. सभागृहानं बुटांकडे पाहिलं. "ठरलं. एकसदस्य समिती."

अशा रीतीनं मी गर्दी समिती झालो. जगात एका माणसाची गर्दी समिती दुसरी कुठे असेल तर कळवा, आम्ही पत्रव्यवहार करू.

पहिलं काम, कारण शोधणं. पुढच्या घरच्या सामन्याच्या वेळी मी टेकडीवर गेलो. एर्नी फिअरन हा माझा शेजारी, कारखान्यातला जुना भट्टीवाला, तो तिथे घडीच्या खुर्चीत बसला होता. गुडघ्यावर घोंगडी, मांडीवर मांसाचं पॅटिस आणि डोळ्यांना दुर्बीण.

"एर्नी, तू मैदानात का येत नाहीस?"

"येतो की. चारला."

"तीनला का नाही?"

त्यानं दुर्बीण खाली केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्या आईबद्दल काही बोललो. "माझा आजा चारला गेला. बाप चारला गेला. मी तीनला गेलो तर लोक म्हणतील, एर्नीला कामधंदा नाही."

"तुला कामधंदा नाहीच आहे, एर्नी. कारखाना बंद पडलाय."

"ते मला माहितीये, गड्या. गावाला कशाला सांगायचं?"

मी आजूबाजूला पाहिलं. सगळी टेकडी भरली होती. आणि प्रत्येकाच्या हातात दुर्बीण होती. एकूण एक दुर्बीण माझ्या दुकानातली. काहींना तर मी सणाची सूट दिली होती. साहेब, स्वतःच्या हातानं स्वतःचं मैदान रिकामं करण्याचा हा प्रकार लक्षात आल्यावर मला खाली बसावं लागलं. एर्नीनं पॅटिसचा तुकडा दिला. गार होता.

बाकीच्यांनी कारणं दिली ती वेगळीच. एकीचा शेजारच्या बाकावरचा माणूस वारला होता आणि नवा फार बोलतो. एकाला चहा पातळ वाटायचा. एकजण चिडून म्हणाला, आत गेलं की पंचाला शिव्या ऐकू जातात, मग मोकळेपणानं देता येत नाहीत. पण क्लबावर प्रेम किती, विचारलं की प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी. त्या टेकडीवर इतकं प्रेम होतं की खाली मैदान वाहून गेलं असतं. तिकीट मात्र एकाच्याही खिशात नव्हतं.

तेव्हा माझ्या सुपीक डोक्यातून योजना निघाली. टेकडी आणि मैदान यांच्यामध्ये ताडपत्री लावायची. दिसेनासं झालं की आपोआप आत येतील.

पालिकेत गेलो. बांधकाम खात्यातला म्हणाला, माणसाच्या उंचीपेक्षा उंच ताडपत्री म्हणजे भिंत. भिंतीला नकाशा लागतो. नकाशा वाऱ्याच्या खात्याकडे गेला. आमच्या किनाऱ्यावर वाऱ्यालाही खातं आहे, कारण काम करतो तो एकटा वाराच. तिथून निसर्ग खात्याकडे. तिथल्या बाई फार गोड. त्यांनी मला एका निळ्या फुलपाखराचं चित्र दाखवलं, नखाएवढं. ते म्हणे आमच्या मळीच्या टेकडीवरच अंडी घालतं.

"त्याला सावली चालत नाही, मिस्टर मॉसॉप."

"बाई, आमच्याकडे ऊन वर्षातून आठ दिवस पडतं. उरलेले दिवस ते काय करतं?"

"सहन करतं," बाई म्हणाल्या.

मला त्या फुलपाखराबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

शेवटी बांधकाम खात्यातल्याच एका म्हाताऱ्या कारकुनानं मला कोपऱ्यात घेतलं. "भिंतीला परवानगी लागते. ताडपत्रीला लागते. वाळत घातलेल्या कपड्यांना लागत नाही."

घरी येऊन बायकोला सांगितलं. माझी बायको ग्लेनिस, माहेर स्केलनेस. हे लग्न झालं तेव्हा दोन्ही गावांनी आहेर परत पाठवायचं मनावर घेतलं होतं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "म्हणजे गावानं गावाच्याच डोळ्यांवर चादरी टांगायच्या. लेन, हे फक्त एलरबीवाल्यालाच सुचू शकतं."

"तुझ्या गावात असतं तर?"

"माझ्या गावात लोक तिकीट काढतात."

तरी मी घरोघर फिरलो. आणि साहेब, माझ्या गावाचा मोठेपणा बघा. एकानंही नाही म्हटलं नाही. स्वतःला खेळ दिसू नये म्हणून प्रत्येकानं आपली चादर आणून दिली. सुती, फ्लॅनेलच्या, फुलाफुलांच्या. एर्नीनं तर दोन दिल्या. मी भारावून गेलो. रात्री घड्या उलगडल्या तेव्हा कळलं, प्रत्येक चादरीला बरोबर डोळ्याच्या उंचीवर एक भोक होतं. काहींनी काठ शिवून घेतला होता, उसवू नये म्हणून. दुर्बिणीवाल्यांनी शेजारी शेजारी दोन पाडली होती.

मग मला राग आला. खरा राग. आणि रागाच्या भरात मी ते केलं, जे करायचं कारखाना बंद पडला तेव्हाही कुणाला धाडस झालं नव्हतं. चारचं फाटक बंद केल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी फाटक उघडणार नाही, यायचं त्यानं तीनला तिकिटानं यावं. बार्बराबाईंनी कुलपाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "ही तुझ्याच खिशात राहू दे, लेनर्ड. माझ्या खिशात नको. मला या गावात मरायचंय."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात कुणी येईना. रस्त्यात लोक माझ्याकडे चष्मा काढून बघत, म्हणजे मी नीट दिसू नये. भाजीवालीनं मला बटाटे दिले, पण बोलली फक्त बटाट्यांशी. एर्नीनं कुंपणावरून एवढंच विचारलं, "तुझा बाप कुठल्या फाटकानं आत गेला रे?"

मी घरात जाऊन दार लावलं.

सामना आठवड्यावर आला आणि तिकिटं विकली गेली होती ती खेळाडूंच्या आयांना. तेव्हा मी ते केलं, ज्याबद्दल वडील राखेतून उठून माझ्या कानशिलात देतील. मी स्केलनेसला गेलो, माझ्या मेहुण्याकडे.

ट्रेव्हर बेन, ग्लेनिसचा थोरला भाऊ. तिथल्या समर्थक संघाचा प्रमुख. बंदरावरच्या त्यांच्या क्लबात बसला होता, भोवती पाच-पन्नास लाल गळपट्टे.

"या, चष्मेवाले," तो ओरडला. "एलरबीत सामना असतो तेव्हा पक्ष्यांना पण तिकीट लावता म्हणे?"

सगळे खिदळले. मी गिळलं. म्हणालो, "ट्रेव्हर, तुझी माणसं घेऊन ये. जास्तीत जास्त. तिकीट काढून."

"आम्ही? तुमचा क्लब वाचवायला?" तो खुर्चीत मागे रेलला. "बरं. आधी उभं राहून म्हण, स्केलनेस मोठं."

साहेब, माझ्या आयुष्यात मी दोनदाच भर लोकांत खोटं बोललो. एकदा लग्नात, सासूबाईंच्या मटणाबद्दल. दुसरं हे. उभा राहिलो आणि म्हणालो, "स्केलनेस मोठं."

वाटलं होतं, हसतील. कुणी हसलं नाही. ट्रेव्हरनं ग्लास खाली ठेवला. "तुमचा क्लब खरंच जाणार?"

"हो."

"अरे, मग आम्ही शिव्या कुणाला घालायच्या?" तो टेबलावर पुढे झुकला. "माझ्या बापानं मला पहिलं गाणं शिकवलं ते एलरबीला शिव्या देणारं. पाळण्यात. आता नातवाला काय शिकवू? भजनं?" मग उठून गरजला, "ए, बसगाड्या सांगा रे! सगळ्या!"

सामन्याचा दिवस. वारा असा की समुद्र उभा राहून बघत होता. टेकडीच्या कडेला दोरीवर गावाच्या चादरी फडफडत होत्या आणि प्रत्येक भोकात एक डोळा. खाली मैदान गच्च. सगळं लाल. तिकिटाचं फिरतं फाटक गरगर फिरत होतं. त्याला तेल घालावं लागलं, असं पहिल्यांदाच घडलं. मध्यंतरापर्यंत तीन हजारांचा आकडा ओलांडून कितीतरी वर गेला. स्केलनेसची माणसं आमच्या मैदानात बसून आमच्याच खानदानाचा उद्धार करत होती, आणि मी, गर्दी समिती, आनंदानं रडत होतो. आम्ही अठरा गुणांनी मागे होतो, पण ते जाऊ द्या.

निळा कोट माझ्या शेजारीच उभा होता. "गर्दी आहे," तो कबूल झाला.

तेवढ्यात वाऱ्यानं पहिली चादर सोडवली. मग दुसरी. मग सगळ्याच. आमचा डाव्या कडेचा गडी चेंडू काखेत घेऊन, रेषेपलीकडे टेकवून गुण घ्यायला सुटला होता, समोर कुणी नाही. एर्नीची फ्लॅनेलची चादर त्याच्या डोक्यावरून आली आणि त्याला गुंडाळून बसली. गडी जातिवंत. थांबला नाही. चादरीसकट पळत राहिला, कडेची रेषा ओलांडली, कुंपण ओलांडलं आणि चहाच्या टपरीत जाऊन त्यानं चेंडू टेकवला. स्केलनेसवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

चादरी गेल्यावर टेकडी दिसली. माणसांनी काळी झालेली.

"ते कोण?" निळ्या कोटानं विचारलं.

"आमचे समर्थक," बार्बराबाई म्हणाल्या.

"मग ते बाहेर का?"

"चार वाजायचेत अजून."

आणि चार वाजले. भोंगा झाला नाही. पण टेकडीवरची सगळी माणसं एकदम उठली, खुर्च्या घडी केल्या आणि उतरायला लागली. बाया, म्हातारे, काखेत पोरं. मागच्या फाटकाशी आली आणि उभी राहिली. कुणी ओरडलं नाही. कुणी फाटक हलवलं नाही. फाटक बंद आहे हे त्यांना माहीत होतं; तरी आली होती. पाऊस सुरू झाला. ती तशीच उभी, जसं काही कारखान्यातनं आत्ताच सुटलीत आणि कुणीतरी उघडायला येईल.

मी किल्ली मुठीत धरून आत उभा होतो. गजांच्या पलीकडे एर्नी. टोपीतनं पाणी गळतंय. तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या मागे, गोलच्या खांबांकडे बघत होता.

"मॉसॉप, फाटक उघडलंत तर मला नोंद घ्यावी लागेल," निळा कोट म्हणाला.

मी उघडलं.

साहेब, तुम्ही तिथे असतात तर! गाव आत आलं, नेहमीसारखं, आपापल्या जागी. जागा नव्हती. लाल गळपट्टेवाल्यांनी शिव्या देत देत सरकून जागा केली. ट्रेव्हरनं एका एलरबीच्या म्हातारीला स्वतःच्या बाकावर बसवलं आणि तिनं बसल्या बसल्या त्याच्या संघाला जे काही म्हटलं, ते ऐकून तो तृप्त झाला. एर्नीनं इकडे तिकडे मान वळवून पाहिलं आणि म्हणाला, "तरी सांगतो गड्या, वरनं जास्त चांगलं दिसतं."

आणि आमच्या पोरांच्या अंगात आलं. त्यांचंही तसंच आहे. गाव आत आल्याशिवाय त्यांना सामना सुरू झालाय हेच पटत नाही. वीस मिनिटांत त्यांनी ते अठरा गुण फेडले आणि वर एक घेतला. शेवटचा ट्राय, म्हणजे रेषेपार टेकवलेला चेंडू, समुद्राकडच्या खांबांमध्ये, वडिलांच्या अगदी पुढ्यात. मी, चष्मेवाला, आयुष्यभर सभ्य माणूस, टोपी हवेत उडवली. ती अजून सापडलेली नाही.

मग तुमचा निकाल आला. एलरबीचा क्लब बाद, कारणं दोन. पहिलं, तिकीट काढून आलेली माणसं पाहुणी होती. सबब एलरबीत रग्बीला पाठिंबा नाही. दुसरं, मैदानाचा सुरक्षा परवाना चार हजारांचा असताना स्थानिक जमाव त्यापेक्षा कितीतरी जास्त संख्येनं आत आला. सबब एलरबीत गर्दी आवरत नाही. आणि खाली तुमची सूचना, की एलरबीकरांनी यापुढे स्केलनेसला पाठिंबा द्यावा. ग्लेनिस स्केलनेसची. तीसुद्धा ते वाचून इस्त्री बंद करून बसली.

आता फाटकाला तुमचं कुलूप आहे. माझी किल्ली लागत नाही. गाव अजून रविवारी चारला येतं. अर्धा तास उभं राहतं आणि जातं. एर्नीनं दुर्बीण परत आणून दिली. पैसे नको म्हणाला. तिकडे स्केलनेसलाही पहिल्यासारखी मजा नाही. ट्रेव्हर परवा दुकानात आला, नंबर तपासून घ्यायला. डोळे ठणठणीत होते. तरी बराच वेळ बसला. जाताना म्हणाला, "एलरबी मोठं." कुणी ऐकायला नव्हतं, तरी म्हणाला.

तेव्हा साहेब, मला क्लब मागायचा नाही. तो तुम्ही देणार नाही. टोपीही नको. एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे. ज्या दुपारी आमच्याकडे माणसं नव्हती, त्याच दुपारी, त्याच मैदानात, ती जास्त कशी झाली?

लिहून द्यायला जड जात असेल तर तोंडी सांगा. रविवारी चारला फाटकाशी या. आम्ही सगळे तिथेच असतो. आणि या वेळी नीट मोजा.